अर्धा चमचा: एक प्रस्तावना

शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अगं, आईंना सकाळपासून काही दिलं नाहीस का? मघाशी म्हणत होत्या, मला कुणी जेवायलाच वाढलं नाही." पावणेदोन वाजले होते. साडेबाराला आईने दीड पोळी, दोडक्याची भाजी, वरण आणि मूदभर भात खाल्ला होता, वर ताक मागून घेतलं होतं. मी व्यवसायाने आहारतज्ज्ञ. काय खा, किती खा, केव्हा खा हे लोकांना सांगण्यात माझी बावीस वर्षं गेली. आणि माझीच आई, मी तिला उपाशी ठेवते, असं अख्ख्या जिन्याला सांगत होती.

हे वाक्य किती घरांत ऐकू आलं असेल! बोलणारी आई आणि ऐकणारी मुलगी असेल तर शेजारीपाजारी निदान दुसरी बाजू ऐकून घेतात. सासू-सून असतील तर निकाल आधीच लागलेला असतो. माझ्याकडे येणारी एक सून सासूबाईंचं जेवण झालं की उष्ट्या ताटाचा फोटो काढून ठेवायची. रात्री नवरा घरी आला की त्याला दाखवायची, रविवारी नणंदेला पाठवायची. मी तिला आहाराचा तक्ता करून देत होते आणि तिला हवा होता साक्षीदार.

त्या दिवशी मी आईशी वाद घातला. दोडक्याची साक्ष काढली, घासायला पडलेलं ताट दाखवलं. ती आधी गोंधळली, मग चिडली, मग रडली. पुढे वाचनात एक प्रयोग आला तेव्हा त्या वादाची मला लाज वाटली. १९९८ साली पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा दोन रुग्णांची नोंद केली, की ज्यांना मेंदूला इजा झाल्यामुळे मिनिटभरापूर्वीचंही आठवत नसे. त्यांचं जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट वाढलं, तर ते पुन्हा जेवायचे. बहुतेक वेळा तिसऱ्या ताटालाही हात घालायचे. आपण जेवून उठतो ते काही केवळ पोट भरलं म्हणून नव्हे. ‘आत्ताच तर जेवलो’ ही आठवणही आपल्याला पाटावरून उठवत असते. ती आठवण पुसली गेली की पोटाचं एकट्याचं कुणी ऐकत नाही. आई खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते जेवण झालंच नव्हतं. मग मी वाद सोडला आणि जेवणाचे दोन भाग केले. साडेबाराला थोडं कमी वाढायचं आणि दीड वाजता "वाढतेच हं" म्हणून पपईच्या फोडी नाहीतर ताकातल्या लाह्या पुढे ठेवायच्या. जिन्यातल्या तक्रारी निम्म्यावर आल्या.

गंमत अशी, की आईच्या आजाराच्या, म्हणजे अल्झायमरच्या, पहिल्या कागदपत्रातही एक जेवण आहे. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. दुसऱ्या दिवशी डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्याशी बोलायला बसले. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाताय, असं त्यांनी विचारलं तर म्हणाली, पालक. डॉक्टरांनी ते जसंच्या तसं टिपून ठेवलं. १९०६च्या एप्रिलमध्ये ती गेली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. त्यात त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पिळलेल्या धाग्यांच्या गुंतवळी दिसल्या. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ऑगस्टेची फाइल मात्र हरवली होती. ती थेट १९९५ साली सापडली. पालकाची ती नोंद मी वाचली तेव्हा आई समोरच बसली होती. शिऱ्याला खिचडी म्हणत होती आणि आवडीने खात होती.

आपल्याकडे या सगळ्याला जुना शब्द आहे: म्हातारचळ. शिवाय ‘साठी बुद्धी नाठी’ आहेच. या दोन शब्दप्रयोगांनी फार नुकसान केलंय असं माझं मत आहे. वय झालं, चालायचंच, म्हणत घरचे दोन-तीन वर्षं काढतात. आणि नेमकी तीच वर्षं कामाची असतात. आजारी माणूस तेव्हा स्वतःचं मत सांगू शकतो, सही करू शकतो, पुढे मला कुठे ठेवा आणि कुठे ठेवू नका, हे बोलू शकतो. स्मृतिभ्रंशाची कारणं अनेक. अल्झायमर हे त्यांतलं सर्वांत मोठं. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. इतक्या घरांत कुणी ना कुणी ‘चालायचंच’ म्हणत असणार.

डॉक्टरांकडे लवकर जायचं आणखी एक कारण आहे, आणि ते माझ्या विषयातलं आहे. विसरणारा प्रत्येक म्हातारा माणूस अल्झायमरचाच असतो असं नाही. थायरॉइड मंदावलं, मन खचलं, कान गेले, झोपेच्या नाहीतर ॲलर्जीच्या गोळ्या डोक्यावर बसल्या, तरी माणूस हरवल्यासारखा वागतो. आणि आपल्या शाकाहारी घरांत सगळ्यात आधी बघायचं ते बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी ही कमतरता आपल्याकडे किती सर्रास आहे हे वर्षानुवर्षं दाखवून दिलंय. तपासणी एका रक्तचाचणीची, उपाय इंजेक्शनाचा नाहीतर गोळ्यांचा. त्याने अल्झायमर बरा होत नाही. पण बी-१२ कमी असल्यामुळे आलेला गोंधळ वेळेत उपचार झाले तर निवळू शकतो. आईचं बी-१२ कमीच होतं. इंजेक्शनं झाल्यावर हातापायांच्या मुंग्या गेल्या. विसरणं राहिलं. मग मेंदूचा फोटो झाला, स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या. घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटल्यावर, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माझ्या आईने सगळे आकडे उजव्या बाजूला कोंबले.

आता मला रोज विचारला जाणारा प्रश्न. अक्रोड किती द्यायचे? (अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो मेंदूला चांगला, हा तर्क व्हॉट्सॲपवर कधीच जुना होत नाही.) खोबरेल तेल दोन चमचे सकाळी दिलं तर? हळद? ब्राह्मी? आहारतज्ज्ञाने इथे कसलाही आडपडदा न ठेवता बोलायला हवं. अल्झायमर झालेल्या माणसाची स्मृती परत आणणारा एकही पदार्थ आज माहीत नाही. खोबरेल तेलाच्या बाजूने भरवशाचा पुरावा नाही. हळद आमटीत असू द्या. हळदीच्या कॅप्सूलचे पैसे वाचवा.

ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडी वेगळी आहे. शिकागोच्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ साली ‘माइंड’ आहार मांडला: पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा, बेरी भरपूर, आठवड्यातून एकदा तरी मासे, लोणी, चीज, तळण, मिठाई कमी. असा आहार घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो असं त्यांना निरीक्षणात आढळलं होतं. पण ६०४ जणांवर तीन वर्षं रीतसर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले, आणि ‘माइंड’वाले आणि नेहमीचंच जेवण थोडं बेताने जेवणारे यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्याआधी, २०१५ साली, फिनलंडमध्ये १,२६० जणांवर झालेल्या ‘फिंगर’ प्रयोगात फरक दिसला होता. तिथे एकटा आहार नव्हता. व्यायाम, बुद्धीची कामं, रक्तदाबावर लक्ष असं सगळं दोन वर्षं एकत्र चाललं होतं. माझ्या लेखी याचा अर्थ एवढाच, की माठ, मेथी, मटकी, बांगडा खा, चाला, बहिरेपणा आला तर कानाचं यंत्र लावायला लाजू नका, साखर-रक्तदाब आटोक्यात ठेवा. नवऱ्यासाठी अक्रोड फोडत बसलेल्या बायकोने त्यातले निम्मे स्वतः खावेत. तिला अजून उपयोग होण्याची शक्यता आहे.

आजार पुढे सरकला की आहाराचं सगळं गणितच उलटतं, आणि हे उलटणं घरच्यांना पचत नाही. आयुष्यभर आपण ‘कमी खा’ सांगत आलो. आता काळजी असते वजन उतरण्याची. वास जातो, त्यामुळे चव जाते. उतू गेलेलं दूध, जळलेली भाजी, आंबलेलं वरण नाकाला कळत नाही. गोडाची ओढ मात्र वाढते. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींची भूक मरते, मळमळ होते; घरचे म्हणतात नखरे करतात, आणि डॉक्टरांना कुणी सांगत नाही. ऐंशी वर्षांच्या, दर महिन्याला किलोभर उतरणाऱ्या माणसाचं मीठ-साखर-तूप बंद ठेवणारी पथ्यं मी अनेक घरांत डॉक्टरांशी बोलून सैल करायला लावली. एका घरी आजोबांचा तूप-गूळ-पोळीचा लाडू बारा वर्षांनी परत आला. मधुमेहाच्या गोळ्यांचं प्रमाण त्याप्रमाणे बदलून घेतलं होतं, हे आवर्जून सांगते. नाहीतर उद्या माझ्या नावाने घरोघर लाडू वळले जातील.

ताटाचीही गोष्ट आहे. २००४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग केला: आजार बराच वाढलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल भांड्यांत वाढलं, तर खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. माणसं मोजून नऊ होती, त्यामुळे आकडा डोक्यावर घेऊन नाचू नये. पण तो वाचून मी आईचं ताट नव्याने पाहिलं. चकचकीत स्टीलचं ताट, त्यात पांढरा भात, पांढरं ताक, वरून ट्यूबलाइटची तिरीप. ताटात भात कुठे आणि उजेड कुठे, हे मलाच क्षणभर कळेना. दुसऱ्या दिवशी लाल मेलामाइनची थाळी आणली. भाताला हळदीचं वरण लावलं. एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवला, कारण पाच वाट्या दिसल्या की ती पाचही वाट्या एकमेकींत ओतत बसे.

आपलं हाताने जेवणं ही इथे मोठीच सोय आहे. चमच्याची सवय आधी जाते; हात तोंडाकडे न्यायची सवय खूप उशिरापर्यंत टिकते. थालीपिठाचे तुकडे, मऊ धिरडं, इडली, छोटा लाडू, केळ्याच्या फोडी असं हातात मावणारं दिलं, तर फिरता फिरताही पोटात जातं. आणि जागेवर न बसणाऱ्या माणसाला बसवण्याचा हट्ट सोडला की निम्मी लढाई संपते. याउलट पातळ आमटीत तरंगणारी भाताची शितं, कोरडे पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, चिकट साबुदाणा हे गिळण्याचा त्रास सुरू झाला की धोक्याचे. पाणी तर सगळ्यात अवघड. आपल्याला वाटतं, पाण्याने काय होणार! पण ते घशात सगळ्यांत वेगाने घसरतं आणि श्वासनलिकेत जातं. ठसका लागला तर कळतं तरी. काहींना ठसकाही लागत नाही आणि आठवड्याने ताप येतो, छातीत कफ निघतो. म्हणून नाचणीची दाट आंबील, घट्ट पेज, दही. म्हणून ताठ बसवून भरवणं, जेवणानंतर अर्धा तास आडवं न करणं, गालात धरून ठेवलेला घास बोटाने न ओढता "गिळा हं" म्हणून थांबणं, कवळी रोज काढून घासणं. गिळण्याची तपासणी करणारे वाचातज्ज्ञ आता शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत भेटतात; त्यांना एकदा दाखवावं.

उपासाचा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही, म्हणून इथे थोडी रेंगाळते. आईची एकादशी पन्नास वर्षांची. आजारात तिला आज एकादशी आहे का, हे रोज वाटायचं. रोज उपास म्हणजे रोज उपाशी. आधी मी कॅलेंडर दाखवलं. तिने कॅलेंडरच खोटं ठरवलं. मग मी "पारणं आहे आज" म्हणायला लागले. ती खुशीने जेवायची. हे खोटं की सोय? माझ्या भावाला ते पटलं नाही. आईची आयुष्यभराची निष्ठा आपण मोडतोय, असं त्याला वाटलं. खऱ्या एकादशीला मात्र आम्ही वरई-दाण्याची आमटी करायचो, आणि त्या दिवशी ती नेमकी पोळी मागायची. तेव्हा काय करावं याचं उत्तर आम्हा भावंडांत आजही एक नाही.

हे सगळं मी वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं, पण घरात कळलं ते वेगळंच. वीस मिनिटांत संपणारं जेवण पन्नास मिनिटांवर गेलं, मग सव्वा तासावर. दिवसातून चार वेळा. मी दवाखान्यातून धावत येऊन आईला भरवायला बसे, आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं की तिचं तोंड मिटे. काय खायला द्यायचं, या प्रश्नाची मला सगळी उत्तरं येत होती. कोण भरवणार, याचं उत्तर येत नव्हतं. या पुस्तकात आहार आणि सांभाळ यांची प्रकरणं एकाआड एक गुंफलेली दिसतील ती यामुळेच. सांभाळाची व्यवस्था ठरवताना बाकी सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारा: या माणसाच्या शेजारी सव्वा तास, न कुरकुरता, दिवसातून चार वेळा कोण बसेल?

आपल्याकडचं पहिलं उत्तर असतं पाळी. तीन भाऊ, चार-चार महिने. आई-वडिलांची अशी वाटणी करण्यात न्याय दिसतो, आणि धडधाकट म्हातारपणात ती चालूनही जाते. अल्झायमरमध्ये ती क्रूर ठरते. संडास उजवीकडे की डावीकडे, हे हातापायांना जेमतेम पाठ होतं, तोवर बिऱ्हाड बदलतं. प्रत्येक बदलानंतर माणूस दोन पायऱ्या खाली उतरतो आणि भावाला वाटतं, आमच्याकडे होते तेव्हा तर बरे होते! पाळी लावायचीच तर माणसांची लावा, घरांची नको. आई एका जागी राहू दे. मुलं येऊ देत. परदेशातल्या भावाने पैसे द्यावेत, आणि वर्षातून तीन आठवडे येऊन सांभाळणारीला गावाला पाठवावं. अशा भावाचे व्हिडिओ कॉल आमच्याकडेही होते. आई फोन उलटा करून मागे बघायची, हा आत कुठून शिरला म्हणून.

दुसरं उत्तर ब्युरोची बाई. आमच्याकडे एका ब्युरोने आठ महिन्यांत पाच जणी पाठवल्या. त्यांच्यात वाईट एकही नव्हती. बारा तासांची ड्युटी, येण्याजाण्याचे दोन तास, पगारातून ब्युरोची कापणी. आणि शिकवलेलं काय, तर डायपर बदलणं आणि रक्तदाब मोजणं. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नाही. सहावी टिकली. तिला आम्ही मावशी म्हणायचो. ती का टिकली ते सांगते. पहिल्याच दिवशी आई तिला म्हणाली, "तू माझ्या घरात काय करतेस?" त्यावर ती म्हणाली, "आजी, भाजी निवडायला आले, तुम्ही दाखवा ना कशी निवडायची ते." दोघी तासभर मेथी निवडत बसल्या. देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली, ती तिने नंतर गुपचूप बदलली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ ज्यांनी पाहिलाय, त्यांना अमृता सुभाषने उभी केलेली माहुताची बायको आठवत असेल. मोहन आगाशे यांचे संस्कृतपंडित हत्तीमागे चालत हरवतात, आणि ते कोण, किती विद्वान, हे ठाऊक नसलेली ती बाई त्यांना सांभाळते. आमच्या मावशींना आई गणिताच्या बाई होत्या हे खूप उशिरा कळलं. त्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

दिवसाची केंद्रं हा मधला मार्ग. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्थांनी ती चालवली. १९९२ साली केरळात सुरू झालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या शाखांकडून चौकशी करता येते, ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे. तालुक्याच्या गावी मात्र यातलं जवळजवळ काहीच नाही. तिथे अजून घराची ओसरी हेच केंद्र.

आणि निवासी केंद्र. ‘आईला वृद्धाश्रमात टाकलं’ यातलं ‘टाकलं’ हे क्रियापद आपण कधी बदलणार? मुळात बहुतेक साधे वृद्धाश्रम असे रुग्ण घेतच नाहीत. घेणारी केंद्रं थोडी, महाग, आणि सगळी सारखी नाहीत. मी बघायला जायचे ती मुद्दाम जेवणाच्या वेळी. एका ठिकाणी बारा म्हाताऱ्यांना दोन मुली ओळीने उभं राहून भरवत होत्या. चमचा एकाच्या तोंडातून निघाला की हात दुसऱ्याकडे वळायचा, चमचा वेगळा असायचा एवढंच. दुसरीकडे भिंतींचा रंग उडालेला होता, पण एक मावशी आजोबांशेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि स्वतःच्या डब्यातली चटणी त्यांना चाखायला देत होत्या. चटणी गिळण्याच्या दृष्टीने योग्य होती का, हा प्रश्न माझ्यातल्या आहारतज्ज्ञाला पडला. दुसऱ्या जागेचा फोन नंबर मी घेतला.

पैशाचं आणि कागदांचं स्वतंत्र प्रकरण पुढे आहे. इथे एकच गोष्ट, कारण ती सगळ्यांना उशिरा कळते. वडिलांनी मुलाला मुखत्यारपत्र दिलंय म्हणजे सगळं झालं, असं आपण धरून चालतो. भारतीय करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. मृत्युपत्र, संयुक्त खाती, नामनिर्देशन हे सही स्थिर आहे तोवर उरकावं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवता येते, आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमता येतो. हे बोलणं अवघड. आम्ही ते आईशी बोललो नाही, आणि शेवटी नळीचा प्रश्न आला तेव्हा तिला काय हवं होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

नळीबद्दल लिहायलाच हवं. गिळणं जवळजवळ थांबलं की नाकातून नळी घालायचं सुचवलं जातं. आपल्या मनात लगेच येतं: उपाशी कसं मारायचं? अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक संघटनेने २०१४ साली स्पष्ट भूमिका घेतली, की अल्झायमरच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही, छातीत अन्न जाण्याचा धोका टळत नाही, उलट माणूस अस्वस्थ होतो, नळी उपसतो, मग हात बांधावे लागतात. त्यापेक्षा जमेल तितकं, हाताने, सावकाश भरवत राहावं. मी हे वीस जणांना सांगितलं असेल. आईच्या वेळी दोन दिवस मलाच वाटत होतं की नळी घालावी. डॉक्टरांपुढे मी एकदा ‘हो’ही म्हणाले होते. मावशी म्हणाल्या, "ताई, आजी नळी ठेवणार नाहीत. माझ्या हातचं दोन घास घेतात की अजून." त्यांनी पुढचे अकरा आठवडे ते दोन घास भरवले.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. घरात ठसका लागत असेल तर थेट सातवं प्रकरण काढा. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" सुरू होत असेल, तर पाचवं. आमच्या आईची कातरवेळ सगळ्यांत वाईट. पिशवी भरून ती दारात उभी राहायची. घर म्हणजे सांगली असं समजून आम्ही म्हणायचो, "सांगलीला उद्या जाऊ." तिचं समाधान होईना. फार पुढे कळलं की तिला सांगली नकोच होती. ती वाईच्या माहेरी निघालेली असे, जिथे तिची अक्का कंदील पुसत बसलेली असायची. मला ती अक्काच म्हणायची. मी ‘ओ’ द्यायला शिकले.

यातल्या पाककृती स्वयंपाकघरातल्या एका लांबट वहीतून आल्या आहेत. फ्रिजला दोऱ्याने बांधलेली ती वही मावशी भरायच्या: वाजले किती, खाल्लं किती, ठसका लागला का, शौचाला झालं का, मूड कसा. कोणत्या दिवशी अचानक भ्रम वाढला आणि त्याआधी तीन दिवस पाणी किती कमी गेलं होतं, हे त्या वहीतूनच कळलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. तो उतरला तसा भ्रमही उतरला. माझ्या बावीस वर्षांच्या नोंदींत इतकं उपयोगी काही नाही.

मावशींना आपलं नाव छापलेलं नको आहे. सध्या त्या कर्वेनगरात दुसऱ्या एका आजींकडे आहेत. हस्तलिखित तयार झालं तेव्हा मी त्यांना भरवण्याचं प्रकरण वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, दोनदा मान हलवली आणि मला थांबवलं. "ताई, चमचा अर्धाच भरायचा, हे लिहिलं नाही तुम्ही." मी म्हटलं, लिहिलंय, पुढच्या पानावर. त्या म्हणाल्या, "पुढच्या पानावर नको. आधी लिहा."